रविवारचं मशीन

रविवार, ५ जानेवारी

कोर्टातल्या समुपदेशक बाई म्हणाल्या होत्या, राग आला की तोंडाने बोलण्याआधी कागदावर बोला. तेव्हा मनात हसलो होतो. आज लिहायला बसलोय, कारण तोंडाने बोलायला घरात कोणीच नाही.

ठमी सकाळी आली, संध्याकाळी गेली. ठमी म्हणजे माझी मुलगी. शाळेतलं नाव चांगलं भारदस्त आहे, पण माझ्यासाठी ती ठमीच. रविवार माझा आणि बाकीचे वार तिच्या आईचे. म्हणजे आईचे आणि आईच्या नव्या नवऱ्याचे. त्याला मी चष्मिस म्हणतो. तोंडावर नाही, इथे. कोर्टाने ठरवून दिलंय, मुलगी सोळाची होईपर्यंत रविवारी बापाकडे, पुढे तिची मर्जी. मार्चमध्ये तिला सोळावं पूर्ण होतंय. मी काही दुधखुळा नाही. दिवसभर मोबाइलमध्ये डोकं घालून बसणारी पोरगी मार्चनंतर चार मजले चढून माझ्याकडे कशाला येईल? मी लिफ्ट दुरुस्त करणारा माणूस आणि आमच्याच बिल्डिंगला लिफ्ट नाही. हसायचं त्याने हसून घ्यावं.

आज शेवटी विचारलंच, "तुला हवंय तरी काय, सांग एकदा."

"काही नाही."

"काहीतरी असेलच की."

"गेमिंग कॉम्प्युटर. पण राहू दे बाबा, महाग असतो. सुटे भाग घेऊन आपला आपण जोडला तर जरा स्वस्तात होतो, पण तरी राहू दे."

सुटे भाग म्हटल्यावर माझे कान टवकारले. आयुष्यभर दुसरं केलंय काय मी? म्हटलं, जोडू. तिने पहिल्यांदा मोबाइल खाली ठेवला आणि मला पार्ट समजावून सांगायला लागली. निघायची वेळ झालेली तिलाही कळली नाही.

मी मनात दोन गोष्टी पक्क्या केल्यात. एका रविवारी एकच पार्ट घ्यायचा. आणि मशीन इथेच राहणार. खेळायचं असेल तर इथे यायचं.

रविवार, १२ जानेवारी

कॉम्प्युटरच्या गल्लीत गेलो. दुकानं कसली, खुराडी. तिला आधी कॅबिनेट हवं होतं, एका बाजूने काच असलेलं, आत दिवे लागणारं. मी म्हटलं, आधी पॉवर सप्लाय. लोक लिफ्टमध्ये शिरले की आरसा बघतात, मी दोर बघतो. ज्याच्यावर सगळा भार, तो पार्ट आधी आणि तो दमदार.

"बाबा, यात कोणी पडून मरत नाही."

"बाकीचे पार्ट मरतात ना?"

दुकानदार दाढीवाला म्हणाला, "पोरी, बाप बरोबर बोलतोय." ती माझ्याकडे बघून तोंड वाकडं करून हसली. पॉवर सप्लाय घेतला, चांगला वजनदार.

नंतर चहा प्यायला बसलो तेव्हा तिला ढिल्याची गोष्ट सांगितली. ढिल्या आमच्या कंपनीतला, माझ्याच जोडीला असतो. दुरुस्ती झाली की निघताना एखादा कॉन्टॅक्ट, म्हणजे वायरीचा जोड, जरासा ढिला ठेवून येतो. पार काढत नाही, अर्धा लागलेला ठेवतो. म्हणजे लिफ्ट मधेच अडते, लोक फोन करतात, हा जातो, बोट लावतो, चालू. लोक हात जोडतात, चहा पाजतात. मी त्याला एकदा चांगलं झापलं होतं. म्हटलं, भडव्या, निघालेला कॉन्टॅक्ट परवडला, अर्धा लागलेला आग लावतो. त्यावर म्हणतो कसा, "सगळं नीट चाललं तर आपली आठवण कोण काढणार?"

ठमी हसून हसून बेजार. "म्हणून ढिल्या! बाबा, कसला भारी माणूस आहे." मी म्हटलं, भारी कसला, हरामखोर आहे.

(भडव्या हा शब्द तिच्यासमोर वगळला होता.)

मंगळवार, १४ जानेवारी

तिच्या आईचा फोन. म्हणे चष्मिस ठमीला तयार कॉम्प्युटर आणून द्यायला निघाला होता, परवडत नसेल तर माझ्यावर भार नको म्हणून. माझ्यावर भार! अंगाचा तिळपापड झाला. मग म्हणाली, "तीच नको म्हणाली. आम्ही बनवतोय म्हणाली."

हिच्या बोलण्यात काहीतरी डाव असणार. एरवी मला कळवायला फोन कशाला करेल? माझ्याकडून पैसे खर्च करून घ्यायचे आणि शेवटी मशीन उचलून न्यायचं. मी पण कच्च्या गुरूचा चेला नाही.

रविवार, २६ जानेवारी

गेल्या रविवारी प्रोसेसर झाला. या आठवड्यात मी शहाणपणा केला. शुक्रवारी एकटाच गल्लीत जाऊन घासाघीस करून एक जुना मदरबोर्ड पदरात पाडून घेतला. सगळे पार्ट ज्याच्यावर बसतात तो हा बोर्ड. म्हटलं ठमी खूश होईल. तिने तो हातात घेतला, उलटसुलट केला आणि कपाळावर हात मारला.

"बाबा, आपला प्रोसेसर यात बसतच नाही. खाचा वेगळ्या आहेत. मी तुला सांगितलं होतं ना, जोडी बघून घ्यायची?"

सांगितलं होतं खरं. मी मान हलवली होती.

मग दोघं गेलो परत करायला. दाढीवाला म्हणाला, जुना माल परत घेत नाही. मी आवाज चढवला. त्याने माझ्यावर चढवला. ठमी दोघांच्या मधे शिरली आणि म्हणाली, "काका, माझ्या बाबांना लिफ्टमधलं सगळं कळतं, यातलं ढेकळं कळत नाही. आणि हे तुम्हाला बघताक्षणी कळलं होतं. तरी गळ्यात मारलंत ना?" दाढीवाल्याने बदलून दिला मुकाट्याने, वर एक पंखाही दिला.

परत येताना ती रस्त्यात त्याची नक्कल करत होती. दाढी कुरवाळत "पोरी, जुना माल..." मला चालता येईना इतकं हसू येत होतं. भाजीच्या पिशवीत मदरबोर्ड आणि आम्ही दोघं वेड्यासारखे हसतोय. जिन्यात ती माझ्या पुढे पळाली आणि वरून ओरडली, "लवकर या, लिफ्टवाले!"

आजचा रविवार वाया गेला म्हणा. एका पार्टाने मागे पडलो.

रविवार, ९ फेब्रुवारी

भांडण झालं. खरं म्हणजे भांडण नाही, ती भांडतच नाही, गप्प होते. आईवर गेलीय.

कॅबिनेट गेल्या रविवारी झालं. राहिलेल्या पैशांत ग्राफिक्स कार्ड, रॅम आणि डिस्क बसवायची होती. ग्राफिक्स कार्ड म्हणजे पडद्यावर चित्र झरझर काढणारा पार्ट, सगळ्यात महाग. ठमी म्हणाली, साधं कार्ड घेऊ, रॅम जास्त टाकू आणि डिस्क चांगली घेऊ. मी म्हटलं, गेमिंग कॉम्प्युटर म्हणायचं आणि कार्ड साधं? चष्मिसने आणला असता तर असाच आणला असता का? तिच्या तोंडावर मी त्याला 'तुझे काका' म्हणतो, तसंच म्हणालो, पण सूर कसा होता ते तिला कळलं.

"बाबा, मला जे करायचंय त्याला एवढं कार्ड लागतच नाही."

"खेळायचंय ना?"

"हो... म्हणजे तसंच."

मला काय गरीब समजते का काय? घेतलं मोठं कार्ड. दाढीवाल्याने कपाटातून असं काढलं जसा दागिनाच. मग त्याच तावात, एका रविवारी एकच पार्ट हे विसरून, रॅम बेताची घेतली आणि डिस्क अगदी स्वस्तातली. डिस्क म्हणजे काय, सामान ठेवायचं कपाट. कपाट थोडंच कोणी बघतं? ठमी म्हणाली, "दोर बघणारा माणूस ना तू?" आणि मग घरी येईपर्यंत चकार शब्द नाही.

रविवार, २३ फेब्रुवारी

जोडलं. टेबलावर जुनी चादर अंथरली, दोघांनी हात धुतले, ती वाचून सांगत होती आणि मी बसवत होतो. बोर्डाला करंट देणारा जाड प्लग बसवताना ती म्हणाली, "कट्ट आवाज आला पाहिजे." आला. मी म्हटलं, कॉन्टॅक्ट असा लागला पाहिजे, ढिल्याला दाखवायला हवा.

बटण दाबलं आणि काचेच्या आत दिवे लागले. तिने मला मिठी मारली. किती वर्षांनी ते लिहीत नाही.

मग म्हणाली, "आता पुढच्या रविवारी काय घ्यायचं?"

म्हटलं, "आता काय घ्यायचं? झालं की सगळं. आता खेळ मनसोक्त."

"हं," म्हणाली. मग उरलेले स्क्रू एकेक करून डबीत टाकत बसली. दमली असेल.

रविवार, ९ मार्च

गेल्या रविवारी आणि आजही तेच. येते, कानाला हेडफोन लावते, माझ्याकडे पाठ. मी पलंगावर बसून तिची वेणी बघतोय. चहा ठेवला, गार झाला. ऑम्लेट केलं, डाव्या हाताने खाल्लं. काय बोलावं तर काही सुचत नाही. पार्ट नाहीत तर विषयच नाही. एकदा म्हटलं, एखादा पंखा वाढवायचा का? म्हणाली, नको बाबा, पुरे आहेत.

आणि खेळते तरी काय! एवढं बोकांडी बसणारं कार्ड घेतलं आणि पडद्यावर काय तर राखाडी चौकोनी डबे, एका रेषेत वर-खाली जाताहेत. एका डब्याच्या टपावर पिवळा ठिपका. तो डब्याडब्यावर उड्या मारतो. मधेच ती सगळं थांबवून आकडे आणि अक्षरं टाइप करत बसते, मग पुन्हा डबे. दाढीवाल्याच्या दुकानात घोडे, डोंगर, आगी दिसायच्या. मी विचारलं, चांगला खेळ टाक की एखादा. म्हणाली, "हाच चांगला आहे. तुला दाखवीन झाल्यावर."

जाताना जिन्यात थांबून विचारलं, "बाबा, तू लिफ्टच्या टपावर चढतोस तेव्हा हेल्मेट कुठल्या रंगाचं असतं?"

"पिवळं. का गं?"

"सहज."

एवढंच बोलणं आख्ख्या दिवसात.

रविवार, १६ मार्च

परवाच्या बुधवारी तिला सोळा पूर्ण झाली. कोर्टाचा कागद संपला. आज सकाळपासून जिन्याकडे कान लावून होतो. आली. नेहमीच्या वेळेला, नेहमीसारखी, वरच्या दोन मजल्यांत धापा टाकत.

मशीन आहे म्हणून येते. दुसरं काय कारण? माझा अंदाज बरोबर ठरला. मशीन तिथे ठेवलं असतं तर आज मी भिंतीशी बोलत बसलो असतो.

रविवार, २३ मार्च

शाळेत प्रदर्शन आहे एप्रिलच्या पहिल्या रविवारी. म्हणाली, "मशीन नेऊ का एका दिवसासाठी? काका गाडी घेऊन येतील, मग परत आणून देतील."

काका गाडी घेऊन येणार. आलंच शेवटी. मी म्हटलं, मशीन इथून हलणार नाही.

"एकच दिवस."

"एकदा गेलेलं परत येत नाही. मला अनुभव आहे."

तिने माझ्याकडे पाहिलं. "बरं," म्हणाली. मग थोड्या वेळाने खिशातून पेन ड्राइव्ह काढून मशीनला लावला. ते काय, विचारलं. म्हणाली, मी केलेलं थोडं घरी नेते. म्हटलं, हे पण घरच आहे, इथलं इथेच राहू दे. तिने मुकाट्याने काढून खिशात टाकला. समजूतदार आहे तशी, वाद घालत नाही.

पण जाताना बॉम्ब टाकला. "प्रदर्शन, मग परीक्षा. मधले काही रविवार नाही जमणार बाबा."

सुरू झालं. आता हळूहळू असंच. आधी काही रविवार, मग महिना, मग फोन, मग फोनही नाही. तिच्या आईने पण असंच केलं होतं, पायरी पायरीने.

बुधवार, २६ मार्च

आज कामावर ढिल्या विचारत होता, पोरीचं मशीन काय म्हणतंय? म्हटलं, उत्तम. तो म्हणाला, उत्तम चाललंय ना, मग तुला कोण विचारतं? दात काढत होता. मी पाना फेकून मारणार होतो.

संध्याकाळी मशीनची काच पुसायला उघडली. धूळ फार बसते. पुसता पुसता बोर्डाचा तो जाड प्लग जरासा वर ओढला. अर्धाच. पूर्ण निघाला असता तर तिला बघताक्षणी कळलं असतं.

काही बिघडत नाही. बोट लावलं की चालू.

रविवार, ३० मार्च

काल फोन केला, मशीन मधेच बंद पडतंय, मला काही समजत नाही. दुसऱ्या सेकंदाला म्हणाली, उद्या येते.

काय सांगू, जुने दिवस आले! हेडफोन नाही, पाठ नाही. दोघं जमिनीवर मांडी घालून, मधे मशीन. ती म्हणते पंखा असेल, मी म्हणतो गरम होत असेल. चालू करायचं, थोडं चालतं, बंद. तिने काच काढली तेव्हा मी घाईघाईने पंख्याकडे बोट दाखवलं, पण ती रॅमच बघत बसली. मग म्हणाली, पॉवर सप्लाय गेला असेल का? गेलो गल्लीत. दाढीवाल्याने तपासून सांगितलं, ठणठणीत आहे. येताना चहा प्यायलो. तिने पुन्हा ढिल्याची गोष्ट सांगायला लावली. मी अर्ध्यावरच आवरती घेतली.

घरी येऊन सप्लाय तिनेच सगळे प्लग दाबून परत बसवला, या वेळी चाललं बिनतक्रार. संध्याकाळपर्यंत ती डबे आणि ठिपका करत बसली. "मी केलेलं शनिवारी येऊन घेऊन जाईन," म्हणाली, "रविवारी प्रदर्शन. आता तरी पेन ड्राइव्ह लावू देशील ना?" म्हटलं, शनिवारी बघू.

म्हणजे शनिवारी पुन्हा येणार. आणि नंतर? नंतर परीक्षा. ती गेल्यावर काच उघडली आणि तो जाड प्लग पुन्हा अर्धा वर ओढून ठेवला. शनिवारी जरा वेळ बसेल, एवढंच.

शनिवार, ५ एप्रिल

हात चालत नाही लिहायला. तरी लिहितो.

ती चार वाजता आली, शाळेच्या कपड्यांतच. खाली चष्मिस गाडीत थांबला होता. "पाच मिनिटं बाबा, घेते आणि पळते." बटण दाबलं, चालू झालं, पेन ड्राइव्ह लावला आणि मशीन बंद. पुन्हा चालू, पुन्हा बंद. मी म्हटलं, बस जरा, चहा टाकतो, सावकाश बघू. खरं सांगायचं तर मला बरं वाटत होतं. ती म्हणाली, "बाबा, सावकाश नको रे, प्लीज." बटण दाबत राहिली. चहा घेऊन आलो तर पडद्यावर काळ्यावर पांढरी एकच ओळ. डिस्क सापडत नाही.

"सापडत नाही म्हणजे?"

"म्हणजे गेली. सारखं बंद पडून गेली. स्वस्तातली होती."

मी म्हटलं, नवी आणू, आत्ता जाऊन आणू, दाढीवाला उघडा असेल. ती ऐकतच नव्हती. काच काढून आत एकेका वायरला बोट लावत होती, मीच शिकवलं होतं तिला तसं. जाड प्लगपाशी बोट थांबलं. तिने तो दाबला. कट्ट आवाज आला.



"मी बसवला तेव्हा आवाज आला होता," म्हणाली.

"निघाला असेल हादऱ्याने."

"हा हादऱ्याने निघत नाही बाबा. वर खटका असतो."

मी चहाचा कप तसाच धरून उभा होतो.

तिने तो माझ्या हातातून घेतला, टेबलावर ठेवला आणि शांतपणे म्हणाली, "ढिल्या."

बॅग उचलली. दारात वळली. डोळे भरले होते, पण आवाज साधाच. "सोळा झाल्यावर पण मी येतच होते ना? कोणी पाठवत नव्हतं मला. तुला वाटलं मी याच्यासाठी येते? मला तर आपण गल्लीत जायचो ते आवडायचं."

गेली. जिन्यात पळाली नाही, एकेक पायरी उतरत गेली. खाली गाडीचं दार लागल्याचा आवाज आला.

रविवार, १३ एप्रिल

तिच्या आईचा फोन आला होता. शिव्या घालेल म्हणून तयारीत होतो, घातल्या नाहीत. म्हणाली, "प्रदर्शनात तिच्या टेबलावर नुसती पाटी होती. मी म्हटलं सगळ्यांना खरं सांग, काय झालं ते. ती म्हणाली, डिस्क खराब निघाली. एवढंच सांगितलं तिने. माझ्याशी पण तेवढंच बोलली. तुला काही माहीत आहे का?"

म्हटलं, "डिस्क खराब निघाली."

कसली पाटी होती, ते मी विचारलं. तिची आई म्हणाली, "तिने बनवलेल्या खेळाचं नाव होतं. लिफ्टवाले."

फोन ठेवला.

आज नवी डिस्क आणली, चांगली. दाढीवाला म्हणाला, पोरगी कुठंय? म्हटलं, परीक्षा आहे. घरी येऊन बसवली. सगळे प्लग दाबून पाहिले, सगळे घट्ट. बटण दाबलं, दिवे लागले, पंखे फिरले. मशीन उत्तम चालतंय, एकदाही बंद पडलं नाही. आत काही नाही.

जिन्यात दोनदा पावलं वाजली. खालच्या मजल्यावरची होती.

डबे वर-खाली जायचे आणि पिवळा ठिपका टपावर एकटाच उभा असायचा. तो शेवटी खाली उतरतो का, आणि कसा, ते विचारायचं राहून गेलं.